फियाटचे मूळ इंजिन बदलल्यानंतर जपून ठेवावे का?

गावभागकर (सांगली)

सर्वांना नमस्कार. एका घरगुती वादावर जाणकारांचे मत हवे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वडिलांनी १९६६ साली नवी घेतलेली फियाट ११०० डिलाइट आमच्याकडे अजून आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, म्हणजे ४५ फुटांच्या धोका पातळीपेक्षा बारा फूट वर, आणि आमच्या परड्यातल्या शेडमध्ये ही गाडी चार-पाच दिवस टपापर्यंत बुडून राहिली. आम्ही सगळे तेव्हा मिरजेला आत्याकडे होतो. परत आल्यावर ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर तिच्यावर ऑइलऐवजी दूध जास्त झालेल्या चहासारखे काहीतरी चिकटले होते. तिथेच थांबायला हवे होते. परंतु ओळखीच्या एका मिस्त्रींनी प्लग न काढताच गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून गिअरमध्ये ओढली, सिलिंडरमधले पाणी दबले नाही, आणि तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकला. दोष त्यांच्याइतकाच माझाही आहे, कारण दोर मीच बांधला होता.

पुढे २०२१ मध्ये एका प्रीमियर पद्मिनीचे चालू इंजिन मिळाले, ते बसवून घेतले आणि आरटीओत रीतसर नोंदही केली. गाडी आता उत्तम चालते. आम्ही बहुतेक गुरुवारी तिने औदुंबरला जातो. जुने इंजिन मात्र तेव्हापासून शेडमध्ये दोन टायरांवर आडवे पडले आहे. आता परड्यात नवे बांधकाम काढायचे असल्याने शेड पाडावी लागणार आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की जे इंजिन गाडीत नाही आणि पुन्हा जाणारही नाही, ते बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भावाने देऊन मोकळे व्हावे. आईचे म्हणणे, "गाडीचा जीव तो, दारात आलेल्या भंगारवाल्याला कसा द्यायचा?" मला दोघांचेही पटते, आणि अडचण नेमकी तीच आहे.

इंजिन ठेवण्याजोगे आहे का, ठेवायचे तर सगळे ठेवावे की त्यातला काही भाग, आणि सांगलीच्या हवेत ते ठेवावे कसे, एवढेच विचारायचे आहे.

कुपवाड लेथ

माझे कुपवाड एमआयडीसीत बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचे छोटे वर्कशॉप आहे, त्यामुळे मी भावनेपेक्षा लोखंडाबद्दल लिहितो. ठेवायचे की नाही हे इंजिन उघडून पाहिल्याशिवाय ठरवू नका. आपण ज्याला इंजिन म्हणत आहात त्याचे आज दोन वेगळे अर्थ आहेत: एक, नंबर ठोकलेला ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य ओतीव सांगाडा, आणि दुसरा, त्या ब्लॉकमध्ये असलेले सुटे भाग. या दोहोंचा निर्णय एकच असला पाहिजे असे नाही.

आपल्या फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. ही मापे १९३७ च्या फियाट ५०८ सी या इटालियन गाडीपासून चालत आली आणि आपल्याकडे पद्मिनी बंद होईपर्यंत टिकली. ब्लॉक बिडाचा, हेड (ब्लॉकवरचे झाकण) ॲल्युमिनियमचे, क्रँक (पिस्टनांच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) तीन मेन बेअरिंगवर. म्हणूनच पद्मिनीचे इंजिन आपल्या गाडीत फारशी कुरबुर न करता बसले. आपल्या जुन्या इंजिनात जे भाग धड असतील ते नव्या इंजिनाला पुढे-मागे उपयोगी पडण्याची शक्यता त्याच कारणाने बरीच आहे. दुकानात मिळणाऱ्या आजच्या काही सुट्या भागांपेक्षा त्या काळचा, मापात असलेला क्रँक मला केव्हाही चालेल.

आता तपासणी. वाकलेला रॉड आणि त्याचा पिस्टन विसरून जा. उरलेले पिस्टन सिलिंडरला गंजाने धरले असतील, तर वरून हातोडा घालू नका; डिझेल आणि पातळ ऑइल एकत्र करून प्रत्येक सिलिंडरमध्ये ओता, आठ-दहा दिवस राहू द्या, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोका. ब्लॉक मोकळा झाला की खरे काम पाण्याच्या वाटांचे आहे. पुराचा गाळ तिथे सिमेंटसारखा बसतो आणि ओल धरून ठेवतो. बाहेरून ब्लॉक स्वच्छ, कोरडा दिसतो आणि आतून कुजत राहतो. बाजूच्या पत्र्याच्या गोल टोप्या काढा, तारेने खरवडा, जोराच्या पाण्याने धुवा आणि लगेच हवेने वाळवा.

भेग शोधायला जुनी रीत अजून चालते. संशयाची जागा रॉकेलने भिजवायची, पाच मिनिटांनी कोरडी पुसायची आणि वर खडूची पूड चोळायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने बाहेर पाझरते आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. हल्ली रॉकेल मिळत नसेल तर पातळ डिझेलनेही चालते, फक्त रेघ उमटायला वेळ लागतो. तिसऱ्या सिलिंडरच्या खालच्या कडेला आणि मेन बेअरिंगच्या भिंतींवर ही परीक्षा नक्की करा, कारण रॉड वाकताना मार तिथे बसतो.

सिलिंडरच्या भिंतीला गंजाने खड्डे पडले असतील तर त्याची चिंता करू नका. बोअर मोठा करून लायनर (आत बसणारी नळी) ठोकला की ६८ मिमीचे मूळ माप परत मिळते. क्रँकला खालून धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या तिन्ही कॅप मात्र सांभाळा. कारखान्यात त्या ब्लॉकला जखडूनच एका रेषेत बोअर केलेल्या असतात, त्यामुळे त्या कॅप त्याच ब्लॉकच्या, त्याच जागी आणि त्याच तोंडाने बसायला हव्यात. मी असे ब्लॉक पाहिले आहेत, जे मालकाने मायेने वीस वर्षे जपले आणि कॅप मात्र कुठल्याशा डब्यात हरवल्या. दुसऱ्या इंजिनाच्या कॅप लावून काम चालवता येते, पण पुन्हा लाइन बोअर करावे लागते. कॅपवर खुणा नसतील तर खोलण्याआधी सेंटर पंचाने एक, दोन, तीन ठिपके करून घ्या.

ब्लॉकला भेग नसेल तर ब्लॉक, त्याच्या कॅप, क्रँक आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एवढे ठेवा, बाकीचे जाऊ द्या, हे माझे मत.

यवतेश्वर घाट

मी साताऱ्याचा. वरील मताशी सहमत आहे, पण माझे कारण कागदाचे आहे, आणि ते मला महागात पडलेले आहे.

आमच्याकडे वडिलांच्या काळातली उंच बॉनेटची पेट्रोल जीप आहे, महिंद्राची सीजे-३बी. तिचे मूळ इंजिन हरिकेन, २१९९ सीसीचे, ज्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. घाट चढताना ते पेट्रोल असे प्यायचे, की मेढ्याला जाऊन यायचे म्हटले तरी वडील आधी खिसा चाचपायचे. १९८० च्या दशकात त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी डिझेल इंजिन बसवले. त्यांचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. त्या जीपवर आमचे घर चालत होते. हरिकेनचा ब्लॉक काही वर्षे गोठ्यात होता, त्यावर कोंबड्या बसायच्या. मग तो एका दिवाळीच्या साफसफाईत गेला. कुणी नेला, काय भावाने नेला, हे आज घरात कुणालाही आठवत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी नवी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. नवी नोंदणी करायची तर शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी, त्यानंतर पुनर्नोंदणी ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. मात्र गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. माझ्या आरसीवर इंधन डिझेल आणि इंजिन नंबर दुसराच. त्या अटीपाशी येऊन मी फाइल मिटवली.

आपली गाडी वयाने या तरतुदीत केव्हाच बसली आहे. नवे इंजिन त्याच जातीचे असल्याने माझ्याइतकी अडचण आपल्याला कदाचित येणार नाही, पण ज्या नंबरासह गाडी कारखान्यातून बाहेर पडली तो ब्लॉक हाताशी असेल, तर तपासणीच्या वेळी बोलायला जागा राहते, आणि नसेल तर राहत नाही. हेही लक्षात घ्या, की विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. दर गुरुवारचे औदुंबर त्यात बसवणे कठीण. त्यामुळे आपण आजच ती नोंदणी कराल असे मला वाटत नाही. पण पुढच्या पिढीला करावीशी वाटली, तर त्यांची वाट आपण आज बंद करू नये.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत केलेला असा बदल नोंदवून घ्यावा लागतो, ते आपण केले आहे, उत्तम. त्या नोंदीचे सगळे कागद आणि वडिलांचे मूळ आरसी पुस्तक एकत्र ठेवा. आणि कुणी सुचवले तरी जुना नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून घेण्याच्या फंदात पडू नका. तो सरळ गुन्हा आहे, शिवाय त्याने दोन्ही ब्लॉकांची किंमत जाते.

मिरज जंक्शन

माझे मत वेगळे आहे आणि ते अकरा वर्षांच्या अनुभवाचे आहे.

आमच्या अँबॅसडरचे १४८९ सीसीचे मूळ पेट्रोल इंजिन मी जिन्याखाली ठेवले होते. पहिल्या वर्षी दर महिन्याला क्रँक फिरवला, दुसऱ्या वर्षी दोनदा, पुढे पाहुणे यायचे असले की त्यावर चादर टाकायची एवढीच त्याची सेवा उरली. उंदरांनी इनटेकमध्ये घर केले. शेवटी जेव्हा ते काढले तेव्हा सिलिंडरमध्ये बोट घातले, तर भिंत सोलपटत होती. मी इंजिन जपत होतो असे मला अकरा वर्षे वाटत होते. प्रत्यक्षात मी फक्त निर्णय पुढे ढकलत होतो, आणि त्या काळात जे कुणाच्या तरी कामी आले असते ते कुणाच्याच कामाचे राहिले नाही.

मूळ नंबर जुळण्याच्या किमतीबद्दलही थोडे स्पष्ट बोलू. अमेरिकेत कॉर्व्हेटसारख्या गाड्यांच्या इंजिन ब्लॉकवर गाडीच्याच क्रमांकाचा अंश ठोकलेला असतो, तो जुळला तर लिलावात मोठा फरक पडतो. आपल्याकडच्या फियाट आणि अँबॅसडर आयुष्यभर राबल्या. त्यांची इंजिने गॅरेजमध्ये 'हाफ इंजिन' (हेडशिवायचे तयार इंजिन) म्हणून सर्रास बदलली गेली, आणि घेणारा पत्रा कुठे सडलाय आणि कागद चालू आहेत का, एवढेच आधी विचारतो. मूळ ब्लॉकमुळे आपल्या फियाटची किंमत दुप्पट होईल अशा आशेने ठेवणार असाल तर ठेवू नका.

माझी सूचना अशी, की क्रँक धड असेल तर नव्या इंजिनासाठी ठेवा, इंजिन नंबरचा पेन्सिलने कागदावर छाप घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा आणि ब्लॉक एखाद्या फियाट दुरुस्त करणाऱ्या माणसाला द्या. भंगारात देऊ नका, पण घरातही ठेवू नका. देताना मात्र नंबर लिहून, तारीख घालून, घेणाऱ्याच्या सहीचा कागद करा. आपल्या जुन्या आरसीवर असलेला नंबर कुठल्या गाडीत फिरतो आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

यवतेश्वर घाट

मिरजकरांच्या उंदरांबद्दल सहानुभूती आहे, पण एका मुद्द्यावर असहमत आहे. लिलावाची तुलना इथे लागू होत नाही हे मान्य. तरीही आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे, जिचे मोल आपण ओळखत नाही: पहिले आरसी पुस्तक. त्यात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही सरकारी हाताने, पहिल्याच दिवशी लिहिलेले असतात. ज्या घरात ते पुस्तक, ती गाडी आणि तो ब्लॉक ही तिन्ही एकाच दाराआड आहेत अशी घरे किती उरली असतील? किंमत दुप्पट होवो न होवो, पण त्यातले एक मुद्दाम कमी करण्याइतके जड कारण मला शेड पाडण्यात दिसत नाही. ब्लॉक आणि क्रँक एका पाटाएवढ्या जागेत मावतात.

वालचंदचा माजी विद्यार्थी

थोडे विषयाला धरूनच अवांतर. मी विश्रामबागच्या वालचंद महाविद्यालयात शिकलो. ज्या वालचंद हिराचंदांचे नाव त्या महाविद्यालयाला आहे, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि आपली फियाट त्याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. त्यामुळे हा ब्लॉक सांगलीतच राहावा असे मला वाटणे पक्षपाती आहे, हे आधीच कबूल करतो.

साठवणुकीबद्दल कुणी नीट लिहिले नाही, म्हणून लिहितो. ब्लॉक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळणे ही सर्वांत मोठी चूक. दिवसा आत अडकलेली दमट हवा रात्री गार पडली की तिचे पाणी नेमके बिडावर सुटते. मशीन केलेल्या सगळ्या पृष्ठभागांना आणि सिलिंडरच्या भिंतींना ग्रीसचा जाड हात द्या, त्यावर तेलकट कागद चिकटवा आणि वरून साधे सुती कापड टाका, म्हणजे हवा खेळती राहील. क्रँक वेगळा काढून ठेवणार असाल तर त्याच्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागांना) ग्रीस लावून तो उभा ठेवा किंवा टांगा; दोन टोकांना टेकून वर्षानुवर्षे आडवा ठेवू नये असे जुने कारागीर सांगतात, आणि टांगण्यात आपले जात काहीच नाही. भोकांमध्ये चिंधी कोंबली तर तिचे टोक बाहेर लोंबते ठेवा. दहा वर्षांनी इंजिन जोडणारा माणूस आपणच असू असे नाही, आणि आत राहिलेली चिंधी ऑइलची वाट अडवते.

फरशीवर थेट ठेवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा. आणि गावभागातच ठेवणार असाल तर फळ्या पुरणार नाहीत. २०१९ ची रेघ भिंतीवर अजून दिसत असेल, तिच्या वर जागा शोधा.

गावभागकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण मधल्या काळात इंजिन उघडले.

हेड खाऱ्या खडकासारखे खड्डे पडून गेले होते, ते गेले. दोन पिस्टन डिझेलमध्ये बारा दिवस ठेवल्यावर सुटले, एक फोडूनच काढावा लागला. पाण्याच्या वाटांतून निघालेला गाळ अर्ध्या घमेल्याहून जास्त होता आणि त्यात एक छोटा शिंपला सापडला, तो आईने देवघराच्या कपाटात ठेवला आहे. रॉकेल शेजारच्या घरी बाटलीभर निघाले. कुपवाडकरांनी सांगितल्याप्रमाणे खडू चोळला. तिसऱ्या सिलिंडरच्या खाली काही उमटले नाही, मेन बेअरिंगच्या भिंतींवरही नाही. मात्र हेडच्या एका बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या वाटेकडे बोटाच्या पेराएवढी बारीक रेघ दिसली.

नंबर वाचायला सर्वांत जास्त वेळ लागला. ब्रशने घासून, वर खडू फिरवून कागदावर पेन्सिलचा छाप घेतला, तरी शेवटचा आकडा तीन की आठ हे कळेना. मग वडिलांचे आरसी पुस्तक काढले. निळी शाई फिकट झाली आहे, पण आकडा स्वच्छ आठ आहे, आणि ते कळल्यावर ब्लॉकवरचाही आठच दिसू लागला. भाऊ तोवर बाजूला उभा राहून फोनवर बोलत होता. त्याने फोन ठेवला आणि पुस्तक हातात घेऊन तो बराच वेळ बघत बसला. "भंगारवाल्याला नको सांगूस," एवढेच म्हणाला.

ब्लॉक, तिन्ही कॅप, क्रँक आणि कॅमशाफ्ट ठेवायचे ठरले आहे. जागा विट्याला मामांच्या मळ्यातल्या खोलीत मिळाली. तिथे कृष्णा येण्याची भीती नाही आणि हवाही कोरडी आहे. वाकलेला रॉड सोडून बाकीचे रॉड, टायमिंग कव्हर आणि ऑइल चेंबर कोल्हापूरच्या एका फियाटवाल्या मिस्त्रींना दिले, सहीचा कागद करून. मिरजकरांचे म्हणणे विसरलो नाही: दर दिवाळीला मामांकडे गेल्यावर कापड काढून पाहायचे आणि ग्रीस नवे लावायचे, हे काम भावाने स्वतःहून घेतले आहे. दोन वर्षे लागोपाठ चुकले तर ब्लॉकही त्याच मिस्त्रींना द्यायचा, असे आईसमोर ठरले.

कुपवाडकरांना एकच विचारायचे आहे. ती बोल्टजवळची रेघ आताच भरून घ्यावी का?

कुपवाड लेथ

आता हात लावू नका. इंजिन परत जोडायची वेळ येईल तेव्हाच ते काम करा, कारण बीड तापवून वेल्डिंग केले की वरचा पृष्ठभाग पुन्हा फेस (मशीनवर सपाट) करावा लागतो आणि ती घासाघीस एकदाच झालेली बरी. बोल्टजवळच्या भेगेला वेल्डिंगपेक्षा पिना ठोकून शिवणे मला अधिक पसंत आहे. तूर्त भेगेच्या दोन्ही टोकांना ऑइलपेंटने ठिपका द्या आणि तारीख लिहा. पुढच्या दिवाळीला ती ठिपक्यापलीकडे गेलेली दिसली तर ब्लॉक माझ्याकडे घेऊन या.